दोन अप्पा

करंज फुलला की मला भीती वाटते.

इथं बेंगळुरात त्याला होंगे म्हणतात. जे. पी. नगरातल्या आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना ही झाडं आहेत. मार्च सरत आला की जुनी पानं झडतात, चकचकीत पोपटी पालवी फुटते आणि पाठोपाठ फिकट जांभळट फुलं गळायला लागतात. सकाळी पाहावं तर रस्ताभर कुणी चुरमुरे सांडून गेल्यासारखं. त्यांच्यावर पाय पडला की फट् फट् असा बारीक आवाज होतो. फिरायला निघालेली माणसं थांबून फोटो काढतात. समोरच्या मीनाक्षी अक्का गॅलरीतून हाक मारून म्हणतात, ‘नोडी, बघा, किती छान!’ मी हसून मान हलवते आणि फुलं चुकवत, कडेकडेने दूध आणायला जाते.

हेच दिवस आमच्या लेंटचे. राखेच्या बुधवारी सुरू होऊन ईस्टरला संपणारा उपासाचा काळ. स्वतःच्या आत डोकवायचं, तिथं काय साचलंय ते पाहायचं आणि देवापुढे ते कबूल करायचं, यासाठी हे दिवस. लहानपणी मला ते फार आवडायचे. आमची मराठी मंडळी लहानशी, बहुतेक सगळे बेळगावकडचे ख्रिस्ती, पोटासाठी बेंगळुरात आलेले. आळीपाळीने एकेका घरी संध्याकाळची प्रार्थना व्हायची. चटया अंथरल्या जायच्या, गीतं व्हायची, मोठी माणसं डोळे मिटून पुटपुटायची आणि शेवटी चहाबरोबर कुणीतरी गावाहून आणलेला कुंदा हातावर पडायचा. उपासाचे दिवस असले तरी कुंद्याला कुणी नाही म्हणत नसे. आत डोकवायचं म्हणजे काय, हे तेव्हा कुणाला विचारावंसं वाटलं नाही. देवघर नसलेल्या घरातली ती एक रीत होती इतकंच.

मग काही वर्षांपूर्वीच्या एका लेंटमध्ये मी खरोखरच आत पाहिलं. आधी अप्पांच्या, मग माझ्या. तेव्हापासून हे दिवस आले की भीती येऊन बसते, ती ईस्टर उलटेपर्यंत सुटत नाही.

अप्पा म्हणजे माझे वडील. पण खरं सांगायचं तर मला दोन अप्पा होते.

पहिले अप्पा माझ्या लहानपणीचे. बोम्मसंद्र्याला गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात ते मशीन शॉपचे सुपरवायझर होते. आम्ही होसूर रोडच्या अलीकडे दोन खोल्यांत राहायचो. कंपनीची बस कोपऱ्यावर थांबली की तिच्या ब्रेकचा आवाज घरात यायचा आणि आई रेडिओ बंद करायची. कुकरच्या शिट्या तिने त्याआधीच उरकलेल्या असायच्या. अप्पा दारात आले की मशीनच्या तेलाचा कडवट वास यायचा. त्यानंतर त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून आम्ही ठरवायचो, आज बोलायचं की नाही. ते पीत नसत. लोकांना सांगायला आईकडे तेवढंही कारण नव्हतं. भाजीत मीठ जास्त झालं, शर्टाचं बटण तुटलेलं राहिलं, मी हिशेबात चुकले, काहीही पुरायचं. ताट भिंतीवर जायचं. ते आईचं मनगट धरायचे आणि पिळायचे, पान्हा फिरवावा तसं, सावकाश. आई घरातही मनगटाला रुंद पट्ट्याचं घड्याळ घालून असायची. का, ते मला फार उशिरा कळलं. आणि रविवारी चर्चमध्ये गीत सुरू झालं की सगळ्यांत वरचा, सगळ्यांत गोड आवाज अप्पांचा असायचा.

एके दिवशी कारखान्यात त्यांनी एका कामगाराच्या कानशिलात मारली. मुनियप्पा त्याचं नाव. मशीनवरचा जॉब, म्हणजे घडवायला दिलेला भाग, बिघडवला म्हणून मारली. त्या कानाने मुनियप्पाला पुढे कधी नीट ऐकू आलं नाही. तक्रार झाली नाही, सुपरवायझरवर कोण तक्रार करणार. दुसऱ्या दिवशी अप्पा शॉपमध्ये शिरले तेव्हा मुनियप्पाने रोजच्यासारखा हात जोडून नमस्कार केला. फक्त अप्पा काहीतरी बोलले तेव्हा त्याने मान वळवून दुसरा कान पुढे केला. अप्पा घरी आले आणि मोरीच्या कठड्यावर बसून रडले. आईला वाटलं, नोकरी गेली. ते एवढंच म्हणत होते, ‘त्यानं नमस्कार केला गं मला. नमस्कार केला.’

तिथून दुसरे अप्पा सुरू झाले. एका रात्रीत नाही. मंडळीत साक्ष देणारे लोक सांगतात तसं लख्ख उजेड पडून माणूस पालटला, असं आमच्या घरी काही झालं नाही. राग यायचाच. फरक एवढाच की आता तो आला की अप्पा बोलता बोलता उठायचे आणि बाहेर जिन्यावर जाऊन बसायचे. कधी बराच वेळ. आत आम्ही पोळ्या झाकून ठेवून वाट पाहायचो. परत यायचे तेव्हा चेहरा उतरलेला असायचा आणि ज्याच्यावर आवाज चढला असेल त्याच्यापुढे उभं राहून म्हणायचे, माझं चुकलं. मी सातवी-आठवीतली पोर, माझ्यापुढेही. कधी कधी जिन्यापर्यंत पोचायच्या आत हात सुटायचा. मग ते जास्त वेळ बसायचे. वर्षं जात गेली तसं जिन्यावर जाणं कमी होत गेलं. आईने घरात घड्याळ घालणं कधी सोडलं ते माझ्या लक्षातही आलं नाही.

मी मोठी झाल्यावर एकदा त्यांना विचारलं होतं, आता राग गेला का हो पूर्ण? ते कारखान्यातल्या भाषेत बोलले. म्हणाले, ‘लोखंडाला गंज चढायचा थांबत नसतो, बाळ. आपण रोज तेलाचा बोळा फिरवायचा. एक दिवस चुकला की दिसतंय.’ मला ते बोलणं नम्रपणाचं वाटलं. चांगली माणसं स्वतःबद्दल असंच बोलतात, असं मी समजले. माझ्या लग्नानंतर आई गेली, अप्पा आमच्याकडे राहायला आले. माझी मुलगी रिया त्यांच्या मांडीवर वाढली. तिला ठाऊक होते ते हे अप्पा. शाळेत कुणाशी भांडून आली तर तिचं डोकं कुरवाळत ऐकून घेणारे, मंडळीत कुणाच्या घरी नवराबायकोचं बिनसलं तर चर्चच्या पाळक साहेबांच्याही आधी ज्यांना बोलावणं येई ते. पहिल्या अप्पांबद्दल आम्ही तिला कधी काही सांगितलं नाही. सांगायचं कशाला, ते मेले होते.

त्या वर्षी हिवाळ्यात अप्पांना अर्धांगाचा हलका झटका आला. हातपाय आठवड्याभरात हलायला लागले, बोलणंही आलं. आम्ही उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवली. राखेच्या बुधवारी ते विनयचा, माझ्या नवऱ्याचा, हात धरून चर्चला आले आणि कपाळावर राखेचा क्रूस घेऊन गाडीत शांत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उप्पिट्टू केलं होतं. अप्पांनी एक घास खाल्ला, बशी उचलली आणि भिंतीवर मारली.

आवाजाने मी दचकले, पण घाबरले ते नंतर, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर. ते डोळे माझ्या ओळखीचे होते. मी पन्नाशीची बाई, शाळेत हिंदी शिकवणारी, आणि माझे पाय आपोआप मागे सरकून भिंतीला टेकले. ‘मीठ किती घालालीस, शांता?’ अप्पा म्हणाले. शांता माझ्या आईचं नाव.

डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे होते. मेंदूच्या पुढच्या भागाचं नुकसान झालंय, बारीक बारीक झटके अजून येत असणार. माणसाला आवरून धरणारी यंत्रणा तिथं असते, ती सैल होते. विनयला नीट कळावं म्हणून ते म्हणाले, ‘गाडीचे ब्रेक गेले असं समजा. इंजिन तेच आहे.’ विनयला खरंच कळलं. मी गाडीत बसले आणि तेच वाक्य घोळवत राहिले. इंजिन तेच आहे. म्हणजे इतकी वर्षं ते जिन्यावर बसणं, ते रडणं, त्या प्रार्थना, ज्याला आम्ही अप्पांचं नवं जीवन म्हणायचो, जे पाहून मी स्वतः विश्वास धरला, ते सगळं म्हणजे कपाळामागचा एक ब्रेक? पहिले अप्पा मेले नव्हतेच. इतका काळ खाली बसून ते वाट पाहत होते, आणि त्यांना आमचा पत्ता बरोबर ठाऊक होता.

त्यानंतरचे दिवस मला ओळीने आठवत नाहीत. उन्हाळा कडक होता, बोअरवेल आटली होती, टँकर आला की गल्लीत धावपळ व्हायची आणि त्या गडबडीने अप्पा आणखी बिथरायचे. त्यांना सांभाळायला येणाऱ्या लक्ष्मम्माला त्यांनी अशा शिव्या दिल्या की तिने कानांवर हात ठेवले. मी तिची माफी मागितली, ती म्हणाली, सरी अक्का, असू दे, वयाचं असतं. पण एका सकाळी ते तिच्या अंगावर थुंकले तेव्हा ती गेली ती आली नाही. मी शाळेतून रजा घेतली. दुपारी झोपल्यावर अप्पांचा चेहरा पुन्हा दुसऱ्या अप्पांचा व्हायचा, तोंड थोडं उघडं, भुवया सैल. मी दाराशी उभी राहून पाहायची. जागे होऊ नयेत असं वाटायचं. मग आपल्याला नक्की काय वाटलं, हे लक्षात येऊन मी स्वयंपाकघरात निघून जायची.

मंडळीतल्या बायका भेटायला यायच्या. अप्पा त्यांच्यासमोर कधी शांत असायचे, कधी नसायचे. एकीने जाताना हळूच सांगितलं की सैतान शेवटच्या दिवसांत भक्तांवरच जास्त तुटून पडतो, उपास धरा. मी धरला. भुकेने माझाच राग चढत गेला.

रियाने तेव्हा कोरमंगलात नोकरी धरली होती, तिथंच पीजीत राहायची. रविवारी घरी यायची. एका रविवारी अप्पांनी तिच्यादेखत मला हाक मारली, मी यायला उशीर केला म्हणून काठी फेकली आणि जे बोलले ते लिहिता येणार नाही. रिया पांढरी पडली. नंतर गॅलरीत माझ्याजवळ येऊन तिने विचारलं, ‘आजोबा आधी कधी असे होते का?’ मी तिला नाही म्हणाले. हा आजार आहे गं, हे ते नव्हेत. ती रडत रडत हो म्हणाली. मला खोटं बोलल्याचं वाईटही वाटलं नाही. एवढं तरी वाचवायला हवं असं वाटत होतं.

पण ते मनगट.

गुड फ्रायडेच्या आधीच्या आठवड्यातली दुपार होती. बाहेर टँकरचा पाइप जोडल्याचा आवाज येत होता. मी अप्पांचा शर्ट बदलत होते. त्यांना तो नको होता. त्यांनी माझं मनगट धरलं आणि पिळलं, सावकाश. इतक्या वर्षांत मी ते आईच्या हातावर पाहिलं होतं, माझ्या हातावर कधी झालं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाच्या बोटांत इतका जोर कुठून आला कोण जाणे. ‘शांता, उलट बोलतीस?’ ते म्हणाले. मी एक शब्द बोलले नव्हते.

मी हात हिसकावला आणि दोन्ही हातांनी त्यांना ढकललं. दूर सारण्यापुरतं नव्हे, पुरा जोर लावून. ते पलंगावर आडवे पडले, डोकं भिंतीवर आपटता आपटता राहिलं. आणि त्या एका क्षणात मला फार बरं वाटलं. हे मी लिहून ठेवते, कारण त्या सगळ्या दिवसांत मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली असेल तर या बरं वाटण्याची. ते खालून माझ्याकडे घाबरून पाहत होते. लहानपणी मी कॉटखालून त्यांच्याकडे पाहायची तसे. आणि मला वाटलं, अजून एकदा.

मी बाहेर आले, दार ओढलं आणि कडी घातली. दाराला पाठ लावून उभी राहिले. आतून काही आवाज नव्हता. मी माझ्या हातांकडे पाहिलं आणि ते हात अप्पांचे होते, तीच रुंद बोटं, तोच आखूड अंगठा. मी आयुष्यात कधी कुणावर हात उचलला नव्हता. शाळेत मुलं मला शांत बाई म्हणायची. मंडळीत मला सोशिक म्हणत. मला तेव्हा पहिल्यांदा समजलं की मी सोशिक नव्हते. माझ्यावर तशी वेळच आली नव्हती. माझे ब्रेक शाबूत होते, रस्ता सपाट होता, आणि त्यालाच मी पवित्र जीवन समजत होते. कडीपलीकडे एक माणूस होता ज्याला मी घाबरत होते आणि कडीच्या अलीकडे दुसरा. दोघांत एका दाराचं अंतर.

बऱ्याच वेळाने कडी काढून आत गेले तर अप्पा तसेच पडून होते, शर्टाची एक बाही घातलेली. मला पाहून त्यांनी चेहऱ्यासमोर हात धरला.

विनयला मी संध्याकाळी सांगितलं. तो म्हणाला, तू दमली आहेस. मग मी पाळक साहेबांना फोन केला. ते तरुण आहेत, माझ्यापेक्षा बरेच लहान, दर वाक्यानंतर थोडं थांबून बोलतात. मी त्यांना सगळं सांगितलं, बरं वाटल्याचंही. आणि विचारलं, अप्पांचं ते सगळं खोटं होतं का? माझंही खोटं असेल का? मला वाटलं होतं, एखादं वचन सांगतील. ते म्हणाले, ‘ताई, मला माहीत नाही. मलाही हे ऐकून भीती वाटली.’ मग त्यांनी विचारलं, गुरुवारी प्रभुभोजन, म्हणजे ती भाकर आणि द्राक्षरस, घेऊन घरी आलो तर चालेल का. मी हो म्हणाले, पण मनात म्हटलं, कुणाला देणार आहात?

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी सकाळी ते आले. सोबत ती छोटी पेटी होती, चर्चला येऊ न शकणाऱ्यांसाठी असते ती, तीत इवलेसे पेले आणि पांढरा रुमाल. त्या दिवशी अप्पांना बरं होतं. विनयने त्यांची दाढी करून दिली होती. त्यांना खुर्चीत बसवलं, मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, हात पोचणार नाही एवढ्या अंतरावर बसले. बसल्यावर लक्षात आलं की मी अंतर मोजून बसलेय.

पाळक साहेबांनी प्रार्थना केली. अप्पांचे ओठ हलत होते, शब्द मागेपुढे होत होते. भाकर मोडली गेली. तबक त्यांच्यापुढे आलं तेव्हा अप्पांनी त्यावर आपला हात आडवा धरला.

‘थांबा,’ ते म्हणाले. ‘आत्ता नको.’

पाळक साहेबांना वाटलं, ते चिडणार. विनय खुर्चीतून अर्धा उठला. पण अप्पांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

‘या बाईंचं आणि माझं कायतरी बिघडलंय. भाकर घ्यायच्या आधी ते मिटवायला पाहिजे.’

पाळक साहेबांनी विचारलं, ‘काय बिघडलंय, अप्पा?’

‘ते आठवत नाही.’ अप्पांनी कपाळ चोळलं, आठवायचा खरंच प्रयत्न करत होते. ‘पण त्या मला भितात. बघा की, किती लांब बसल्यात. म्हणजे मी कायतरी केलं असणार.’ मग ते माझ्याकडे वळले. मी त्यांची मुलगी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी शांताही नव्हते. घरात वावरणारी कुणी एक बाई होते. ‘बाई, माझं चुकलं. काय चुकलं ते तुम्हाला माहीत असेल. मला क्षमा करा.’

पाळक साहेब तबक धरून तसेच उभे. क्षमा केली, असं म्हणायला एक क्षण लागतो. माझ्या तोंडून ते येईना. बशी, काठी, लक्ष्मम्मा, मनगट, सगळं आड येत होतं, आणि त्याखाली आईचं मनगट, ज्याची क्षमा करण्याचा मला अधिकार होता की नाही तेही ठाऊक नव्हतं. मी खुर्ची सरकवली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांचा हात हातात घेताना माझा हात मागे येत होता, मी तो नेला.

‘क्षमा केली, अप्पा,’ मी म्हणाले. ‘आणि माझंही चुकलं. मी तुम्हाला ढकललं.’

ते आश्चर्याने माझ्याकडे पाहत राहिले. ‘तुम्ही? नाही हो,’ ते म्हणाले. ‘तुम्ही चांगल्या बाई दिसताय.’

मग त्यांनी तबकावरचा हात काढला.

याचा अर्थ काय लावायचा, मला अजून कळलेलं नाही. काय केलं ते ज्याला आठवत नाही, कुणाला केलं ते ठाऊक नाही, त्याने क्षमा कुठून मागितली? आठवण गेली, ब्रेक गेले, माझं नाव गेलं. हे कुठे राहिलं होतं? डॉक्टरांना मी विचारलं नाही. त्यांच्याकडे बहुधा त्यालाही मेंदूतली एखादी जागा असेल. मला उत्तर ऐकायचं धैर्य नव्हतं. एवढं मात्र वाटतं की इतकी वर्षं मी अप्पांचं पवित्रपण चुकीच्या ठिकाणी शोधत होते. राग गेला का, हे मी पाहत राहिले. परत फिरून येणारा माणूस माझ्यासमोर होता, त्याच्याकडे मी नीट पाहिलंच नव्हतं.

आणि हे सगळं गोड होऊन संपलं असंही नाही. ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी अप्पांनी पाण्याचा तांब्या फेकला, तो माझ्या खांद्याला लागला. पुढच्या महिन्यांत ते मला पुष्कळ वेळा शिव्या घालत. मीही दोनदा बाहेर येऊन कडी घातली. क्षमा मागायची तेवढी शुद्ध त्यांना कधी असायची, बहुतेक वेळा नसायची. नसायची तेव्हा मी एकटीच त्यांच्या झोपलेल्या चेहऱ्याशेजारी बसून दोघांच्या वतीने मागायची. पावसाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला आणि ते गेले. शेवटचे दोन दिवस ते कुणाशीच बोलले नाहीत. कोणते अप्पा गेले, हे मला सांगता येणार नाही. शवपेटीत ठेवताना मी त्यांची बोटं एकमेकांत गुंफली, आणि माझी तशीच बोटं बघून पुन्हा भ्यायले.

भीती तेव्हापासून आहेच. विनय म्हणतो, एवढं काय घेऊन बसतेस. पण भाजीवाल्याशी आवाज चढला, नववीतल्या एखाद्या मुलाने उद्धट उत्तर दिलं, की मला तो क्षण आठवतो, ते बरं वाटणं, आणि मी हातातला खडू खाली ठेवते. आता मी साठीकडे चालले आहे. लहानपणी वाटायचं, देवाच्या वाटेवर जितकं पुढे जावं तितकी आत स्वच्छता होत जाते. तसं काही झालं असेल तर मला दिसत नाही. दिवा थोडा मोठा झाला आणि कोपरे जास्त दिसायला लागले, एवढंच. म्हातारपणी मलाही असाच एखादा झटका आला तर माझ्यातून कोण बाहेर येईल? या विचाराने सकाळी दूध तापवताना मी थांबते. मग उतू जाऊ नये म्हणून गॅस बारीक करते.

गेल्या शनिवारी रिया आली. अवेळी, फोन न करता. आता ती तिच्या ऑफिसात मोठी झाली आहे, हाताखाली टीम आहे. तिने बॅग ठेवली, स्कूटरची किल्ली बोटांत फिरवत डायनिंग टेबलाशी बसून राहिली. मी चहा टाकला. चहा पुढे ठेवला तरी तिने कप उचलला नाही.

मग ती सांगू लागली. टीममध्ये एक नवी मुलगी आहे, हुबळीची, इंग्लिश बोलताना अडखळते. तिच्याकडून प्रेझेंटेशनमध्ये चूक झाली. रियाने मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर तिला झापलं. चूक छोटी होती, पण रिया थांबेना. ती मुलगी रडायला लागली तरी थांबेना. नंतर कुणी रियाला काही म्हणालं नाही, उलट एकजण म्हणाला, कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

‘मम्मी,’ रिया म्हणाली, ‘बोलताना मला छान वाटत होतं. ती रडत होती आणि मला छान वाटत होतं.’ तिने माझ्याकडे पाहिलं. ‘हे काय आहे?’

खोटं बोलायला एकच वाक्य पुरलं असतं. स्ट्रेस आहे गं, सुट्टी घे. ते वाक्य जिभेवर आलंही. मी तिच्या समोर बसले आणि तिला पहिल्या अप्पांबद्दल सांगितलं. कंपनीची बस, आईचं मनगट, मुनियप्पाचा कान. मग माझंही सांगितलं, ते ढकलणं आणि ते बरं वाटणं. चहावर साय धरली. खालून कुणीतरी गाडी लावताना जोरजोरात हॉर्न दिला, तो थांबला.

‘म्हणजे ते माझ्यातही आहे,’ ती म्हणाली.

मी होय म्हटलं.

‘मग मी काय करू?’

‘सोमवारी जा आणि त्या मुलीला सांग, माझं चुकलं. सगळ्यांसमोर झापलंस, तर सगळ्यांसमोर सांग.’

ती किल्ली टेबलावर फिरवत राहिली. तिच्या हातांकडे पाहायचं मी टाळत होते.

‘आणि परत झालं तर?’

‘परत होईल,’ मी म्हणाले.

ती पहिल्यांदाच घाबरून माझ्याकडे पाहायला लागली. आई म्हणून मी तिला जवळ घ्यायला हवं होतं, तसं काही होणार नाही म्हणायला हवं होतं. मी तिचा कप पुढे सरकवला.

‘झालं की परत जा,’ मी म्हणाले.